एन्नोरचा बोई मासा

सरकारी नोकरीतल्या माणसाने जीवशास्त्रावर बोलावे हा थोडा अतिप्रसंगच होय. मी साहित्याचा विद्यार्थी. प्रयोगशाळेशी माझा संबंध शाळेत बेडकाची चिरफाड पाहून दोन पावले मागे सरकलो, तेवढाच. परंतु पाण्याच्या तपासणीचे अहवाल गेली कित्येक वर्षे माझ्या टेबलावरून जात आहेत. त्यांतील एक कोडे मला एका माशाने उलगडून दाखविले. त्याचीच हकीकत आज सांगणार आहे.

चेन्नईच्या उत्तरेस कोसस्थलैयार नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे एन्नोरची खाडी आहे. 1970 साली येथे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. ते 2017 मध्ये बंद झाले खरे. पण तोवर दुसरे मोठे वीजकेंद्र, बंदर आणि कारखाने खाडीभोवती उभे राहिले होते. 2023 च्या डिसेंबरात ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या पुराबरोबर खाडीत तेलही पसरले. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. काठावर करड्या राखेचा थर बसलेला, आणि कमरेइतक्या पाण्यात वाकून इरुळर जमातीची माणसे नुसत्या हातांनी चिखलातली कोळंबी चाचपून धरीत होती. धरलेली कोळंबी टाकण्याची टोपली त्यांनी दातांत पकडलेली असते. म्हणजे त्या पाण्यात हात, पाय आणि जवळजवळ तोंडही!

आता अहवालाकडे वळू. तपासनीस खाडीवर जातो, बाटली भरतो, आणि काही दिवसांनी आकडे येतात. त्यांच्यापुढे पुष्कळदा ‘मर्यादेच्या आत’ असा शेरा असतो. तो खोटा असतो असे मी म्हणत नाही. पण खाडीचे पाणी दिवसातून दोनदा येते नि जाते. बाटलीला ठाऊक असतो तो भरल्या घटकेचा वृत्तांत. आदल्या रात्री काय वाहून गेले ते तिला कोठून कळणार?

मद्रास विद्यापीठाशी संलग्न असलेल्या भारती महिला महाविद्यालयात डॉ. ई. पद्मिनी व त्यांचे सहकारी यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात हा प्रश्न बाटलीऐवजी माशाला विचारला. मासा निवडला तो आपल्या कोकणच्या खाड्यांतही सापडणारा बोई. निवड मोठी मार्मिक होती. बोई चिखलावरचे शेवाळ आणि कुजका पाला चिखलासकट ओढून घेतो. खाडीच्या तळाशी जे साचते ते त्याच्या पोटात जाते. एन्नोरचे बोई आणि शहराच्या दक्षिणेकडील, त्या मानाने स्वच्छ अशा कोवलम खाडीतले बोई यांच्या यकृताच्या पेशी या संशोधकांनी ताडून पाहिल्या. एन्नोरच्या माशांत धातूंचा संचय अधिक होता. पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांची झीज वाढलेली होती, आणि ती झीज आवरणारे ग्लुटाथायोन कमी झाले होते. शिवाय एक प्रथिन नेहमीपेक्षा पुष्कळ वाढले होते.

या प्रथिनाची कथा गंमतीची आहे. फेरुच्चो रितोस्सा हे इटालियन शास्त्रज्ञ फळमाशीच्या अळ्यांवर काम करीत असता कोणी सहकाऱ्याने उबवणपेटीचे तापमान चुकून वाढविले. पाहतात तो अळ्यांच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे नव्याच ठिकाणी फुगलेली! 1962 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. उष्णतेचा घाव बसताच पेशी काही विशेष प्रथिने बनवू लागते, हे पुढे उमगले. म्हणून त्यांना उष्माघात-प्रथिने म्हणतात. प्रत्येक प्रथिनाला आपल्या कामासाठी ठरावीक घडी असावी लागते. घाव बसला की घडी विसकटते. ती पुन्हा नीट घालणे हे या प्रथिनांचे काम. घाव उष्णतेचाच पाहिजे असे नाही. शिसे किंवा कॅडमियम यांचाही चालतो. एन्नोरच्या बोईत वाढलेले प्रथिन याच घराण्यातले होते. मासा जिवंत होता, पोहत होता. पण त्याच्या शरीरात डागडुजी अखंड चालू होती, आणि तिचा खर्च त्याच्याच वाढीतून जाणार होता.

माझ्यातला कारकून येथे विचारतो, “हे कोणत्या धुराड्याचे काम?” ते मासा सांगत नाही. दोन खाड्यांत इतरही भेद असतात, हेही विसरता कामा नये. मात्र मर्यादा ही प्रत्येक द्रव्यासाठी निरनिराळी लिहिलेली असते, आणि माशाला सगळी द्रव्ये एकदमच भोगावी लागतात, एवढे मला या संशोधनावरून कळले. तेव्हापासून ‘मर्यादेच्या आत’ हा शेरा आला की त्याखाली सही करण्याआधी, खाडीतले मासे कोणी तपासले आहेत काय, एवढी पृच्छा मी करतो. बहुधा उत्तर नकारार्थी येते.

परतताना रस्त्याकडेला एक बाई मासे विकीत बसली होती. तिच्या पाटीत बोई होते. “कुठले?” म्हणून विचारताच तिने उत्तरेकडे हात करून पुलिकत सरोवराचे नाव घेतले. एन्नोरचे म्हटले तर गिऱ्हाईक भाव पाडते, असे माझ्या सोबत्याने मागाहून सांगितले. तिच्यामागे खाडीच्या काठावर एक जाळे वाळत घातलेले होते, आणि त्याच्या दोऱ्यांना तीच करडी राख चिकटलेली होती.