दिवेलागणीनंतरची मुले

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला विचारले, "पत्रिकेवर 'संचारबंदी' हा शब्द छापायचा का? लोकांना दंगल आठवते." त्यांची शंका रास्त होती. आपल्याकडे संचारबंदी म्हटले की बंद शटर, रस्त्यावर विटांचे तुकडे आणि कोपऱ्यावर उभी राखीव पोलिसांची गाडी डोळ्यांपुढे येते. ज्या 'कर्फ्यू'चे हे भाषांतर, तो शब्द मात्र स्वयंपाकघरातला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'विस्तव झाका'. घरे लाकडाची आणि गवताची, म्हणून रात्री घंटा झाली की प्रत्येकाने चुलीतली आग झाकून झोपायचे, असा मध्ययुगातल्या युरोपातला शिरस्ता. माझी आजी तेच करायची. रात्रीची झाकपाक झाली की निखारा राखेत पुरायची आणि पहाटे फुंकर घालून त्याच निखाऱ्यावर चहाचे आधण ठेवायची. चुलीपाशी जन्मलेला हा शब्द पोलिसांच्या हाती कसा गेला आणि तिथे त्याचे काय झाले, हे आज सांगायचे आहे.

मुलांसाठी रात्रीची बंदी घालण्याचा नाद सर्वांत जास्त अमेरिकेला. 1880 मध्ये नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराने केलेला नियम तिथला पहिला मानतात. रात्री अमुक वाजता घंटा होईल, त्यानंतर मोठ्या माणसाविना रस्त्यावर दिसलेले मूल पोलीस घेऊन जातील. पुढे शेकडो शहरांनी हे उचलले. दुसऱ्या महायुद्धात बाप आघाडीवर आणि आई कारखान्यात गेली, तेव्हा त्याला जोर आला. 1990 च्या दशकात अल्पवयीनांच्या हातात पिस्तुले दिसू लागली, तेव्हा पुन्हा आला. 1991 मध्ये टेक्सासमधल्या डॅलस शहराने केलेला नियम इतर शहरांनी नमुना म्हणून घेतला. सतरा वर्षांखालच्या मुलांनी आठवड्यात रात्री अकरानंतर आणि शुक्रवार-शनिवारी मध्यरात्रीनंतर सकाळी सहापर्यंत बाहेर राहायचे नाही. आईबापांबरोबर असाल, कामावरून परतत असाल, शाळेच्या किंवा धर्माच्या कार्यक्रमाहून येत असाल, तर सूट. दंड 500 डॉलरपर्यंत. जाणूनबुजून मुलाला बाहेर राहू देणारे पालक आणि त्याला दुकानात बसू देणारा मालक हेही दोषी.

पालकाला दोषी धरण्याच्या या कलमावरून न्यायालयांत मोठा वाद झाला. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहराचा 1947 चा असाच नियम होता. रात्री दहानंतर अठराखालच्या मुलांनी बाहेर रेंगाळू नये, भटकू नये, खेळूसुद्धा नये. मुले आणि पालक मिळून न्यायालयात गेले. 1997 मध्ये अपील न्यायालयाने नियम रद्द केला. आपले मूल रात्री कुठे जाईल हे ठरवणे हा आईबापांचा मूलभूत हक्क आहे, नगरपालिका तो स्वतःकडे घेऊ शकत नाही, असे त्या निकालाचे सार. पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल शहराचा तसाच नियम दुसऱ्या अपील न्यायालयाने वैध ठरवला आणि शहर आईबापांच्या मदतीला आले आहे असे म्हटले. देश एक, राज्यघटना एक, कैवारही एकाच पालकाचा. तरी निकाल दोन टोकांचे. दोन्ही मी पुष्कळदा वाचले आहेत आणि मला दोन्हींत तथ्य वाटते. शहर पालकाच्या मदतीला येते की त्याच्या जागी बसते, हे नियमाच्या मजकुरावरून कळत नाही. रात्री अकराला मूल सापडल्यावर त्याच्याशी कोण बोलतो आणि त्याला कुठे नेतो, यावरून ते कळते.

आता उपयोगाचा हिशेब. 2016 मध्ये काही संशोधकांनी तोवरचे विश्वासार्ह अभ्यास गोळा करून ताडून पाहिले. बंदीने मुलांचे गुन्हे कमी होतात, किंवा मुले गुन्ह्यांना कमी बळी पडतात, असा पुरावा त्यांना सापडला नाही. वॉशिंग्टनचा अभ्यास तर धक्का देणारा आहे. तिथे उन्हाळ्यात बंदी मध्यरात्री सुरू होत असे आणि 1 सप्टेंबरपासून आठवड्यातल्या रात्री ती अकराला येई. गोळीबाराचा आवाज टिपणारी यंत्रे शहरात बसवलेली होतीच. दोन अर्थतज्ज्ञ महिलांनी अकरा ते बारा हा एक तास तपासला. बंदी लवकर लागली की त्या तासात गोळीबार वाढत होता. रस्ते ओस पडतात, पाहणारे डोळे घरात जातात आणि ज्याच्याकडे पिस्तूल आहे त्याला मोकळे रान मिळते, असे त्यांचे स्पष्टीकरण. शाळेच्या दिवशी अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे दुपारी तीनच्या सुमारास, शाळा सुटल्यावर, सर्वाधिक होतात, हेही तिथल्या सरकारी आकडेवारीत वर्षानुवर्षे दिसते. म्हणजे दोर बांधला तो भलत्याच प्रहराला. आणि पकडली जाणारी मुले गरीब वस्त्यांतली, त्यांत कृष्णवर्णीय मुले लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा पुष्कळ जास्त. ज्या टेक्सासने नमुना दिला त्याच टेक्सासच्या विधिमंडळाने 2023 मध्ये कायदा करून शहरांचा असे नियम करण्याचा अधिकारच काढून घेतला.

इथे थांबलो असतो तर "मुलांवर बंदी नकोच" म्हणून मला घरी जाता आले असते. पण मग आइसलँडचे काय करायचे?

उत्तर अटलांटिकमधले हे बेट लोकसंख्येने चार लाखांच्या आसपास. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत 2011 च्या जनगणनेत याहून जास्त माणसे होती. 1990 च्या दशकात तिथली पोरे युरोपातल्या सर्वाधिक दारू पिणाऱ्या पोरांत मोडत. शुक्रवारी रात्री राजधानी रेक्याविकच्या मध्यवस्तीतून चालायला लोक भीत. 1998 मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्क्यांनी गेल्या महिन्यात दारूने झिंगल्याचे सांगितले होते. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारी 23 टक्के होती, ती 3 टक्के उरली. आणि या देशात मुलांसाठी रात्रीची बंदी आहे, थेट बालसंरक्षण कायद्यात लिहिलेली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री आठनंतर, तेरा ते सोळा वयाच्यांनी दहानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचे नाही. 1 मे ते 1 सप्टेंबर या दिवसांत दोन-दोन तास जास्त, कारण तेव्हा तिथे रात्र जवळजवळ होतच नाही.

मग अमेरिकेत जे फसले ते इथे कसे टिकले?

त्यांनी आधी मुलांना विचारले. 1992 पासून शाळाशाळांतून प्रश्नावल्या भरून घेतल्या. पितोस का, कधीपासून, आईवडिलांबरोबर किती वेळ असतोस, संध्याकाळी कुठे असतोस. उत्तरांतून चार गोष्टी वर आल्या. जी मुले आठवड्यातून तीन-चार वेळा खेळाच्या किंवा तत्सम संघटित उपक्रमात असतात, जी आईबापांबरोबर भरपूर वेळ घालवतात, ज्यांना शाळेत आपली कुणी काळजी करते असे वाटते आणि जी रात्री उशिरा बाहेर नसतात, ती व्यसनापासून वाचतात. रात्रीची वेळ ही या चारांतली एक. अमेरिकेने तेवढी एकच उचलली होती. हार्वे मिल्कमन हा मानसशास्त्रज्ञ मूळ अमेरिकेतला. मुलाला नशा हवीच असेल तर ती नाचातून, गाण्यातून, खेळातून मिळू द्या, हा त्याचा विचार त्याने डेन्व्हर शहरात आजमावला होता. त्याला देशभर पाय फुटले ते आइसलँडमध्ये.

तिथे मैदाने, संगीतवर्ग, पोहण्याचे तलाव यांवर सरकारने पैसा ओतला. रेक्याविकने प्रत्येक मुलामागे वर्षाला ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. एका टप्प्यावर ती 35,000 क्रोना होती. ती फक्त खेळ, कला, छंद यांच्या शुल्कासाठी वापरायची, म्हणजे गरिबाचे पोरही फुटबॉलच्या संघात जाईल. कायद्याने प्रत्येक शाळेत पालक संघ आला. पाहणीचे निष्कर्ष दिल्लीसारख्या दूरच्या दप्तरात पडून राहिले नाहीत. "तुमच्या शाळेतली मुले हे सांगतात" असे ते थेट त्या त्या शाळेच्या पालकांसमोर मांडले गेले. पालकांनी आपसात लेखी करार केले. मोठ्यांवाचून घरात मेजवानी होऊ द्यायची नाही, अल्पवयीनाला दारू आणून द्यायची नाही, दुसऱ्याच्या मुलावरही लक्ष ठेवायचे. बाहेर राहण्याची वेळ छापलेले चुंबकाचे तक्ते घरोघरी फ्रिजवर लागले. आणि मला सर्वांत भावलेली गोष्ट ही, की शुक्रवारी-शनिवारी रात्री आईवडीलच गट करून रस्त्यावर फेरी मारू लागले. पिवळी जाकिटे घातलेले शेजारीपाजारी. एखादे पोर दिसले की "चल रे, घरी सोडतो."

त्या मुलाला नेणारा माणूस त्याच्या मित्राचा बाप होता. मघाशी दोन न्यायालयांच्या निकालांपाशी मी सोडलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. आणि घरी सोडल्यावर घरात कुणी असायचे. 1997 ते 2012 या काळात आठवड्याच्या दिवसांत आईवडिलांबरोबर नेहमी किंवा बऱ्याचदा वेळ घालवतो असे सांगणारी मुले 23 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर गेली. बंदीचा तास त्या घरांनी स्वतः पाळला, म्हणून मुलांनी पाळला. आइसलँडच्या भाषेतला या नियमाचा शब्दही पाहा. त्याचा अर्थ 'बाहेर राहण्याची वेळ' असा होतो. किती वेळ मोकळा आहे, ते त्या शब्दात आधी येते.

आता आपल्या दाराशी येऊ. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचे नाव तुम्ही 2022 मध्ये वाचले असेल. करोनाच्या काळात अभ्यासासाठी हातात आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना, म्हणून गावाने ठराव केला. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. सात ते साडेआठ गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद, मुले पुस्तके उघडून बसतात. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशाताई, शिक्षक घरोघरी फिरले. मुलांना अंगणातून घरात आणण्याची गरज आज उरलेली नाही. मुले घरात असूनच बाहेर असतात, हातातल्या पडद्यातून. वडगावच्या निर्णयातले मर्म मला वाटते ते असे, की भोंगा आईबापांसाठीही होता. आईने मालिका बंद केली, बापाने मोबाईल फडताळात ठेवला, तेव्हा पोराने पुस्तक उघडले.

आपल्याकडे पालकाची जबाबदारी कायद्यात नाही असे नाही. 2019 पासून मोटार वाहन कायद्यात कलम आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. तरी मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पहाटे अडीचच्या सुमारास सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. कलम होते, दंड होता, कैद होती. पहाटे अडीचला "तू कुठे आहेस" असे त्या मुलाला त्या रात्री कुणी विचारायला हवे होते, तो प्रश्न कलमात लिहिता येत नाही.

आणखी एक गोष्ट इथे बसलेल्या आयांना माहीत आहे. आपल्या घरांत संचारबंदी आहेच, फक्त ती मुलींना आहे. सातच्या आत घरात, हे आपण मुलीला सांगतो. त्याच घरातला तिचा भाऊ साडेअकराला येतो तेव्हा ताट झाकून ठेवलेले असते. 2022 मध्ये कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या वेळेवरून केरळ उच्च न्यायालयाने हाच प्रश्न विचारला होता, की बंधन मुलींनाच का. त्या सज्ञान मुली होत्या. पण प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलीच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या आईलाही लागू आहे. वेळ ठरवायची तर दोघांना एकच ठरवा, नाहीतर ठरवू नका.

शेवटी माझ्या शाळेतला एक मुलगा. मी अठ्ठावीस वर्षे शिकवले. आठवीतला हा मुलगा पहिल्या तासाला रोज झोपायचा. एका रात्री साडेदहाला मी बाहेरगावाहून परतलो, तर तो एसटी स्टँडच्या बाकावर एकटा. मी रागावलो. वडिलांना भेटायला बोलावतो म्हणालो. तो म्हणाला, "सर, बाबा नाहीत. आई लग्नाच्या जेवणावळीत भांडी घासायला जाते. ती साडेअकराच्या गाडीने येते. घरात एकट्याला भीती वाटते, म्हणून इथे बसतो. इथे लाईट असतो." त्याला पकडून नेणाऱ्या नियमाने त्याच्या आईला 500 डॉलर दंड केला असता. त्या रात्री मी त्याच्याशेजारी बाकावर बसलो आणि त्याची आई उतरल्यावर घरी गेलो. पुढे वर्षभर तो संध्याकाळी आमच्याकडे जेवायला यायचा आणि माझ्या मुलीबरोबर अभ्यासाला बसायचा. मी यात काही मोठे केले असे सांगत नाही. शाळेत त्या वर्षी असे किती बाक असतील, याचा शोध मी घेतला नाही, ही खंत मात्र आजही आहे.

म्हणून माझी तुम्हाला विनंती एवढीच. उद्या नगरपालिकेने भोंगा बसवायचा ठराव आणला तर त्याला विरोध करू नका, पण त्याआधी एक काम करा. तुमच्या आळीतली, सोसायटीतली पाच घरे एका संध्याकाळी एकत्र बसवा. मुलांना समोर घ्या, त्यांना विचारा आणि सर्वांची मिळून एक वेळ ठरवा, मुलगा-मुलगी दोघांसाठी. त्या वेळेला तुमचाही फोन ठेवून द्या. आणि त्या पाच घरांत एखादे घर असे असेल, की जिथली आई साडेअकराच्या गाडीने येते, तर तिचे मूल तोवर कुणाच्या घरी जेवेल, हे त्याच बैठकीत ठरवून उठा.