तालमींनी जगवलेला फुटबॉल

कुस्ती आणि कोल्हापूर हे समीकरण महाराष्ट्राला पाठ आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी उभारलेले खासबागचे मैदान १९१२ पासून त्याची साक्ष देत उभे आहे. परंतु याच करवीर नगरीत दिवाळी सरली की पेठापेठांतील माणसांचे लोंढे दुपार कलताच दुसऱ्या एका मैदानाकडे वळू लागतात, हे कोल्हापूरबाहेर अनेकांना ठाऊक नसते. ते मैदान म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू स्टेडियम, आणि खेळ फुटबॉलचा! ज्या देशात गल्लीतील मूल चालू लागले की त्याच्या हाती बॅट येते, त्या देशात एका जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानिक मुलांचा फुटबॉल पाहण्यासाठी हजारो माणसे पायऱ्यांवर दाटीवाटीने बसतात. हे कशामुळे घडले, याचा विचार संघटनशास्त्राच्या अभ्यासकाने अवश्य करावा.

हा खेळ आपल्याकडे आला तो इंग्रजांच्या पलटणींबरोबर. मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स चषक सुरू झाला, कोलकात्यात १८९८ मध्ये साखळी स्पर्धा सुरू झाली, आणि दोन्हीकडे आरंभी वर्चस्व गोऱ्या सैनिकांचेच होते. १९११ मध्ये मोहन बागानच्या खेळाडूंनी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात गोऱ्या पलटणीचा पराभव केला, तेव्हा साऱ्या बंगालची मान ताठ झाली. कोल्हापूरची वाट मात्र वेगळी होती. येथे खेळाला संस्थानचा राजाश्रय लाभला. छत्रपती घराण्याच्या पाठबळाने १९४० मध्ये 'कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन' स्थापन झाली. तिला आज सारे गाव 'केएसए' या तीन अक्षरांनी ओळखते. संस्थान विलीन झाले, राजवटी बदलल्या, पण या संस्थेचे आणि छत्रपती घराण्याचे नाते तुटले नाही.

तथापि केवळ राजाश्रयाने खेळ आठ दशके टिकत नाही. त्याला मुळे धरायला माती लागते, आणि ती माती दिली तालमींनी.

संघांची नावेच पाहावीत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, महाकाली तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, जुना बुधवार पेठ, फुलेवाडी क्रीडा मंडळ. एक संघ तर चक्क 'प्रॅक्टिस' नावाचा आहे. सरावासाठी जमलेल्या पोरांनी दुसरे नाव शोधण्याचे कष्टच घेतले नसावेत! यात कोणत्याही कारखान्याचे वा उद्योगसमूहाचे नाव नाही. ज्या तालमीच्या हौद्यात आजोबांनी अंगाला तांबडी माती लावली, तिच्याच नावाचा पोशाख घालून नातू चेंडूमागे धावतो. तीच तालीम गणपती बसवते, तीच शिवजयंतीची मिरवणूक काढते, कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात, आणि पंचगंगेला महापूर आला की मदतीला धावतात तीही याच तालमींची पोरे. फुटबॉलचा संघ हे त्या पेठेच्या समाजजीवनाचे एक अंग आहे. क्रीडासंस्था म्हणून तो वेगळा काढताच येत नाही.

रचनाही समजून घेण्याजोगी आहे. देशपातळीवर १९३७ मध्ये स्थापन झालेला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, राज्यात 'विफा', म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, आणि जिल्ह्यात केएसए, अशी ही उतरंड आहे. खेळाडूची नोंदणी, पंचांची नेमणूक, सामन्यांचा कार्यक्रम आणि शिस्तभंगाची कारवाई हे सारे केएसएकडे. वरिष्ठ गटात १६ संघ. त्यांचे आठ-आठांचे दोन गट पाडले आणि प्रत्येकाने गटातील उरलेल्या सातांशी एकदा खेळायचे ठरवले, तर एका गटाचे २८ आणि दोहोंचे मिळून ५६ सामने होतात. एवढे सामने एकाच मैदानावर, पावसाळ्याच्या आत उरकायचे, आणि शिवाय साखळीनंतरच्या बाद पद्धतीच्या स्पर्धांनाही जागा ठेवायची! मैदानाच्या हिरवळीला विसावा कधी मिळावा? त्याखाली पुन्हा कनिष्ठ गट आहेतच. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे हे चक्र अर्ध्यावर थांबले, तेव्हा संध्याकाळी काय करावे हे पेठांतील अनेकांना कळेना.

येथवरची कथा अभिमानाची आहे. पण अभिमानाच्या पोटातच व्याधीही वाढत असते.

जी पेठेची अस्मिता खेळ जगवते, तीच गोल झाल्यावर समोरच्या पायऱ्यांवर दगड भिरकावते. पंचाच्या एका शिट्टीवरून मैदानात सुरू झालेली बाचाबाची रात्री चौकात पोहोचते. संघांना दंड झाले, खेळाडूंवर बंदी आली, मैदानाला पोलीस बंदोबस्ताची सवय झाली. यात सर्वाधिक हानी कोणाची होते? पायऱ्यांवरून चिथावणी देणारा प्रौढ घरी जाऊन जेवून झोपतो. गुन्ह्यात नाव येते ते एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचे. हाच मुलगा पुढे पोलीस भरतीला किंवा सैन्यभरतीला उभा राहतो, चारित्र्य पडताळणी होते, आणि त्या संध्याकाळचा कागद त्याच्या आडवा येतो. ज्या गावात वर्दीची नोकरी हे खेळाडूचे मोठे स्वप्न, तेथे ही किंमत लहान नव्हे.

दुसरी गोष्ट पैशाची. स्पर्धा हौशी म्हणवते, परंतु नेत्यांच्या नावाचे चषक आले, बक्षिसे लाखांत गेली, परदेशी खेळाडू, विशेषतः आफ्रिकेतील, हंगामापुरते येऊ लागले. त्यांच्यामुळे खेळाचा वेग वाढला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र आघाडीच्या जागी बाहेरचा खेळाडू उभा राहिला की पेठेतील सोळा वर्षांचा मुलगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसतो आणि दोन हंगामांनी तेथूनही उठून जातो.

या ठिकाणी अनिकेत जाधवचे उदाहरण ध्यानात घ्यावे. रिक्षाचालकाचा हा मुलगा २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, आणि पुढे २०२१-२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या चमूतही होता. कोल्हापूरला त्याचा अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. पण तो घडला कोठे? लहान वयातच तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, तेथे. मोहन बागानकडून खेळलेल्या निखिल कदमची जडणघडणही पुण्यातल्या अकादमीतच झाली. म्हणजे ज्या नगरीत फुटबॉल पाहायला एवढी माणसे येतात, तिच्या गुणवान मुलांना घडण्यासाठी नगरी सोडावी लागते. पेठ मुलाला चेंडूचे वेड देते, पण आहार, व्यायाम आणि बाराव्या वर्षापासूनचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण देत नाही. वरिष्ठ संघाच्या एका हंगामासाठी वर्गणी गोळा होते. तिचा चौथा हिस्सा तरी तालमीतील लहान मुलांसाठी बाजूला पडतो काय?

सज्जनहो, तालमींना हे अवघड नाही. कुस्तीत त्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलेच आहे. वस्ताद आठ वर्षांच्या पोराला पहाटे हौद्यात उतरवत असे, त्याच्या खुराकाची चौकशी करत असे, आणि आखाड्यात आगळीक केली तर सर्वांदेखत कान पकडत असे. फुटबॉलच्या संघाला प्रशिक्षक मिळाला, व्यवस्थापक मिळाला, पुरस्कर्ता मिळाला. वस्ताद तेवढा मिळायचा राहिला. पावसाळा संपला की नव्या हंगामाच्या नोंदणीसाठी तालमीतालमींत बैठका बसतील, आणि कोणता परदेशी खेळाडू आणायचा यावर रात्री रंगतील. त्या बैठकीत आपापल्या पेठेतील बारा वर्षांच्या मुलांची यादी घेऊन एखाद्या वडीलधाऱ्याने उठावे, आणि सामन्याच्या दिवशी त्यानेच आपल्या समर्थकांच्या पायऱ्यांवर सर्वांत पुढे बसावे.