मधुमेह आणि हृदयाच्या ठोक्यांची भाषा



निरोगी माणसाचे हृदय घड्याळाप्रमाणे समान अंतराने चालते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, श्वास सोडताना मंदावते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये याची आलेखाद्वारे नोंद केली. हा चढउतार दोष नसून मज्जातंतू सजग असल्याची खूण होय.

हृदयाच्या गतीला आवर घालणारा प्रमुख मज्जातंतू म्हणजे मेंदूतून निघणारा व्हेगस. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की मज्जातंतूंना व त्यांचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते. लांब तंतूंना ही झळ आधी लागते. म्हणून पायांना मुंग्या येतात आणि व्हेगसही लवकर बाधित होतो. मग श्वासागणिक होणारा चढउतार मावळत जातो आणि विश्रांतीतही नाडी जलद चालते.

या विकाराचा धोका त्याच्या मूकपणात आहे. हृदयविकाराचा झटका येऊनही छातीत कळ जाणवत नाही. उठून उभे राहताच रक्तदाब घसरून भोवळ येते. साखर फार कमी झाल्यावर धडधड, थरथर व घाम या रूपाने मिळणारी पूर्वसूचनाही मिळेनाशी होते. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना उपवास का करू नये, याचे हे एक कारण होय.

लंडनमधील व्हीलर व वॉटकिन्स यांनी १९७३ मध्ये मधुमेहींमधील हा मावळलेला चढउतार दाखवून दिला. पुढे एडिंबरा येथील इविंग व क्लार्क यांनी पाच सोप्या चाचण्यांचा संच रूढ केला. त्यांतील पहिली अशी : रुग्णाने पाच सेकंद श्वास घ्यावा व पाच सेकंद सोडावा, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. त्या वेळी ईसीजी काढून श्वासागणिक सर्वाधिक व सर्वांत कमी गतींतील सरासरी फरक मोजावा. फरक मिनिटास १५ ठोके वा अधिक असल्यास स्थिती ठीक; १० वा कमी असल्यास सदोष. उभे राहिल्यावरची गती, जोर लावून फुंकणे, उभे राहताना आणि मूठ आवळताना होणारा रक्तदाबातील बदल, अशा उरलेल्या चाचण्या आहेत. सुई नाही, वेदना नाही. मात्र वयोमानाने हा फरक घटतो, काही औषधांचा व अनियमित ठोक्यांचाही परिणाम होतो. त्यामुळे निष्कर्ष डॉक्टरांनीच काढावा.

एडिंबरा येथील १९८० च्या अहवालात, लक्षणे असून चाचण्या सदोष आलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षांत दगावले. आजचे उपचार प्रगत आहेत, तरीही इशारा गंभीरच आहे.

दिलासाही आहे. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाने १९९३ मध्ये सिद्ध केले, की पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवल्यास मज्जातंतूविकार सुमारे ६० टक्क्यांनी घटतो. दुसऱ्या प्रकारात साखरेच्या जोडीने रक्तदाब, चरबी व वजन यांवरही लक्ष ठेवावे लागते.

म्हणून दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींनी निदानापासूनच, आणि पहिल्या प्रकारच्यांनी पाच वर्षांनंतर, मज्जातंतूंच्या तपासणीविषयी डॉक्टरांना दरवर्षी आवर्जून विचारावे. वेदना नाही म्हणजे व्याधी नाही, असे मधुमेहात कधीही मानू नये.