कॉफीचं जातं घरी आणताना

(बेंगळुरू येथे वसंत व्याख्यानमालेत मराठी श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान)



मार्च-एप्रिलमध्ये चिकमगळूरच्या आणि कोडगूच्या मळ्यांवर पहिल्या सरी पडल्या की आठ-दहा दिवसांत कॉफीला फुलं येतात. जाईसारखी पांढरी, वासही साधारण तसाच. तीन-चार दिवसांत ती गळतात आणि त्यांच्या जागी धरलेलं फळ पुढच्या हिवाळ्यात तोडणीला येतं. अरेबिका आधी, रोबस्टा मागून. चिकमगळूर इथून अडीचशे किलोमीटरवर. देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास कॉफी याच राज्यात पिकते. कॉफीच्या इतक्या जवळ राहणारे मराठी लोक दुसऱ्या कुठल्या मोठ्या शहरात नसतील. म्हणून हा विषय मी मुद्दाम इथे मांडायला घेतला.

गेल्या काही वर्षांत मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. 'घरी एस्प्रेसोचं मशीन घ्यायचंय. ग्राइंडर आतच असलेलं घेऊ का? आणि कोणतं घेऊ?' विचारणारे बहुतेक आपल्यासारखेच असतात. लहानपणी जायफळ घालून दुधात उकळलेली कॉफी प्यालेले, बेंगळुरूत आल्यावर फिल्टर कॉफीला लागलेले, आणि आता कोरमंगला-इंदिरानगरच्या कॅफेंत कापुचिनोची चव कळलेले. त्यांना मी एकच सांगते. मशीन नंतर बघा, आधी त्यातलं जातं बघा.

जातं हा शब्द मी उपमा म्हणून वापरत नाही. आपल्या आजीच्या जात्याला दोन तळ्या होत्या. मधल्या तोंडातून घास घालायचा, दाणा दोन दगडांमध्ये सरकत सरकत बारीक व्हायचा आणि कडेने पीठ पडायचं. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यावी लागे, नाहीतर पीठ भरड यायचं. कॉफीच्या चांगल्या ग्राइंडरमध्ये हेच घडतं. खाचा पाडलेली पोलादाची दोन चक्रं असतात, त्यांना 'बर' म्हणतात. एक स्थिर, एक फिरतं. दोघांमधलं अंतर कमी-जास्त केलं की दळण बारीक किंवा जाडं होतं. घरगुती मशीनमध्ये बहुधा आतलं चक्र शंकूच्या आकाराचं असतं आणि ते पुरतं. मिक्सरचं पातं मात्र दाणा दळत नाही, फोडतं. त्यात काही कण भुकटी होतात, काही खड्यासारखे राहतात.

फिल्टर कॉफीला असं असमान दळण एक वेळ चालतं. पितळेच्या फिल्टरमध्ये पाणी आपल्या वजनाने थेंब थेंब उतरतं, पंधरा-वीस मिनिटं घेतं. एस्प्रेसोला तेवढी सवड नसते. 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी 25 ते 30 सेकंदांत काढायची, तीही सुमारे 9 बार दाबाने. 9 बार म्हणजे 90 मीटर उंच पाण्याच्या खांबाचा भार. विधानसौध 46 मीटर उंच आहे. त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीचा पाण्याचा खांब दाबून बसवलेल्या पुडीच्या एवढ्याशा चकतीवर उभा आहे असं समजा. एवढ्या दाबाचं पाणी चकतीतली सगळ्यात कच्ची जागा शोधतं आणि तिथूनच पळतं. उरलेली पुडी नीट भिजतही नाही. कप आंबटही लागतो आणि कडूही.

हा दाब माणसाने टप्प्याटप्प्याने मिळवला. तुरिन शहरात आंजेलो मोरिओन्दोने 1884 साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेझेराने 1901 मध्ये एकेक कप काढण्याची सोय केली. पण नुसत्या वाफेचा दाब कमी पडे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जियाने तरफेचं यंत्र आणलं तेव्हा कपावर पहिल्यांदा तो तांबूस फेस आला, ज्याला आपण क्रेमा म्हणतो. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 यंत्रात विजेचा पंप आला. आज खोक्यावर '15 बार', '20 बार' छापलेलं असतं ते या पंपाच्या कमाल ताकदीचं. कॉफीला लागतात 9. हा आकडा मोठा म्हणून मशीन चांगलं, असं समजून कुणीही पैसे देऊ नयेत.

आता माझा अनुभव. मी पहिलं मशीन घेतलं त्याच्याबरोबर पुडी भरायची फक्त दुहेरी तळाची जाळी आली होती. या जाळीच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक छिद्र असतं. पुडी कशीही असली तरी दाब त्या छिद्रामुळे तयार होतो आणि फेस येतो. सहा महिने मी कोणतेही दाणे आणले, कसेही दळले, तरी कप सारखाच. फेस भरपूर, चव नाही. मग एकेरी जाळी मिळवली आणि एका रविवारी सकाळी वजनकाटा आणि घड्याळ घेऊन बसले. पहिला कप बारा सेकंदांत भसकन भरला, पिवळट, पाणचट आणि आंबट. दळण दोन पायऱ्या बारीक केलं. दुसऱ्या वेळी दहा सेकंद काहीच आलं नाही, मग काळे थेंब टपकू लागले, चाळीस सेकंदांनीही कप अर्धाच होता आणि घोट काढ्यासारखा कडू. एक पायरी मागे आले. तिसऱ्या वेळी सातव्या सेकंदाला काकवीसारखी धार लागली, हळूहळू गडद तपकिरीची सोनेरी झाली आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाला मी बटण बंद केलं. दाणे तेच, पाणी तेच, मशीन तेच. बदललं होतं ते दोन चक्रांमधलं केसाएवढं अंतर. त्या कपात मला पहिल्यांदा भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि गुळाचा वास ओळखू आला.

म्हणून दुकानात दोन प्रश्न आधी विचारा. एकेरी तळाची जाळी बरोबर मिळते का? आणि दळणाच्या पायऱ्या किती बारीक आहेत? पायऱ्या मोजक्या असतील तर बारा सेकंदांवरून थेट चाळीसवर उडी पडते आणि मधली जागा सापडतच नाही.

ग्राइंडर आत असावा की वेगळा, यावर माझं मत स्पष्ट आहे. घरात एकाच तऱ्हेचे दाणे लागत असतील, दिवसाला चार-सहा कप होत असतील आणि ओटा लहान असेल, तर आतला घ्या. बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर दोन यंत्रं मांडायला जागा नसते, आणि वरच्या कपाटाची उंची मोजून घ्यावी लागते, कारण दाणे वरून घालायचे असतात. ब्रेव्हिलचं बरिस्टा एक्स्प्रेस किंवा डेलॉन्गीचं ला स्पेशालिस्टा ही याच जातीची मशीनं. दळण थेट जाळी बसवलेल्या दांडीच्या वाटीत पडतं, पुढचं दाबणं आणि काढणं आपल्या हाती. यापलीकडे बटण दाबताच सगळं आपोआप करणारी मशीनंही आहेत. ज्या घरात सकाळी कुणालाच वेळ नाही तिथे ती चालतील, पण आतला भाग दर आठवड्याला काढून धुवायची तयारी हवी.

सकाळी अरेबिका आणि संध्याकाळी दुसरेच दाणे असं ज्यांचं आहे त्यांनी मात्र ग्राइंडर वेगळा घ्यावा. आपल्या बायका गिरणीत उभ्या राहून सांगायच्या, 'गव्हावर गहू टाका हो.' ज्वारीवर टाकलं तर पहिलं शेरभर पीठ मिसळीचं यायचं. इथेही तसंच. आतल्या ग्राइंडरच्या घशात एक-दोन ग्रॅम जुनी पुडी अडकून राहते. दाणे बदलले तर पहिला कप दोन्हींचा होतो, आणि एकाच जातीचे दाणे असले तरी सकाळच्या पहिल्या कपात कालची शिळी पुडी उतरते. म्हणून पहिलं चमचाभर दळण मी टाकून देते. शिवाय ग्राइंडर बिघडला तर अख्खं मशीन दुरुस्तीला जातं, घरी दोन आठवडे कॉफी नाही. दुरुस्ती याच शहरात होते का, हे रंग-रूप बघण्याआधी विचारावं.

इथे मला गांधी बझारमधलं आणि मल्लेश्वरमधलं पुडीचं दुकान आठवतं. तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलंय. गिऱ्हाईक 'अर्धा किलो, ऐंशी-वीस' एवढंच म्हणतं. ऐंशी भाग कॉफी, वीस भाग चिकोरी. दुकानदार समोर दाणे दळतो, कागदी पिशवी हातात येते ती गरम असते आणि तो वास आपल्याबरोबर घरापर्यंत येतो. ताज्या दळणाची किंमत या शहराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गल्लीतलं जातं आता ओट्यावर येतंय, एवढाच फरक. मात्र ती ऐंशी-वीसची पुडी एस्प्रेसोच्या जाळीत घालू नका. चिकोरी पाण्यात फुगते, चिकट होते, वाट अडवते. तिची जागा फिल्टरमध्येच.

दाणे घेताना पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. भाजल्यावर आठवडाभर दाण्यातून वायू सुटत असतो, तोवर धार नीट लागत नाही. महिन्यानंतर चव मंदावते. काळेकुट्ट, तेल सुटलेले दाणे आतल्या ग्राइंडरला चिकटतात, ते टाळा. रोबस्टाला नाक मुरडू नका. भारतातली बहुतेक कॉफी रोबस्टाच आहे, आपली बरीचशी कॉफी परदेशी जाते आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे इटली. तिथल्या कपावरच्या जाड फेसात आपल्या मळ्यांचा वाटा आहे. चिकमगळूर, कोडगू आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकांना 2019 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता पाणी. याविषयी दुकानात कुणी बोलत नाही आणि या शहरात मशीनं याच्याच पायी मरतात. आपल्या नळाला कावेरी येते, शंभरेक किलोमीटरवरून, चढावर पंपांनी उचलून. ही नदी उगम पावते कोडगूतल्या तलकावेरीला, कॉफीच्याच मुलखात. ते पाणी कॉफीला चांगलं मानवतं. पण अर्धं शहर बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यावर जगतं, आणि 2024 च्या उन्हाळ्यात काय हाल झाले ते आपण भोगलंय. माझ्या एका स्नेह्यांकडे टँकरचं पाणी यायचं. आठ महिन्यांत मशीनच्या नळ्यांत पांढरा चुना इतका साचला की धार बंद पडली. उलट आरओचं पाणी क्षार पार काढून टाकतं. त्या पाण्यात चव नीट उतरत नाही, आणि काही मशीनना टाकीत पाणी आहे हेच कळत नाही. विरघळलेले क्षार लिटरला 150 मिलिग्रॅमच्या आसपास असावेत. टीडीएस मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. जड पाणी आणि आरओचं पाणी मिसळून तो आकडा गाठा आणि दोन-तीन महिन्यांनी चुना काढायचं औषध फिरवा. बेंगळुरूच्या उंचीमुळे पाणी 97 अंशांच्या आसपास उकळतं, त्याने कॉफी बिघडेल का, असं काहीजण विचारतात. कॉफीला 93 च्या आसपास लागतं, तेव्हा ती काळजी नको.

विजेचंही बघा. 1600 वॉटचं मशीन 230 व्होल्टवर जवळपास 7 अँपिअर ओढतं, म्हणजे ओट्यावर 16 अँपिअरचं सॉकेट हवं. आणि अमेरिकेतल्या भावाकडून मशीन मागवू नका. ते 120 व्होल्टचं असतं, पंप 60 हर्ट्झवर बेतलेला असतो. अवजड ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ बदलत नाही आणि वॉरंटी इथे चालत नाही.

दुधाचं थोडक्यात. फेसाला फ्रिजमधलं गार, साय नसलेलं दूध लागतं, आणि 65 अंशांच्या वर नेलं तर त्याची गोडी जाते. आमच्या सासूबाईंना मात्र ती कॉफी कोमट वाटते. त्यांच्यासाठी कप आधी उकळत्या पाण्याने तापवते आणि दूध थोडं जास्त तापवते. घरातल्या वडीलधाऱ्यांना आवडेल तशी कॉफी मशीनमधून निघाली पाहिजे, कॅफेच्या टेबलावरचे नियम कुणावर लादू नयेत. बटण एकदा कॉफीचं आणि एकदा दूध फेसायच्या वाफेचं असं पालटताना किती थांबावं लागतं, तेही बघून घ्या. चार माणसांच्या सकाळी ती मिनिटं जाणवतात.

खर्चाचा हिशेब मशीनच्या किमतीवर संपत नाही. रोज चार कप, कपाला 18 ग्रॅम, म्हणजे महिन्याला दोन किलोंहून जास्त दाणे. तेवढं झेपत नसेल तर पितळेचा फिल्टर आणि हाताने फिरवायचा एक चांगला बर ग्राइंडर घ्या. मी स्वतः अजून आठवड्यातून दोनदा तीच कॉफी करते, आणि कुठल्याही फेसाळ कपापेक्षा तिला कमी मानत नाही.

मशीन घ्यायला जाल तेव्हा भाजून आठवडा झालेल्या दाण्यांचं पाव किलोचं पाकीट आपलंच बरोबर न्या. दुकानदाराला सांगा, याचे तीन कप काढून दाखवा, प्रत्येक वेळी दळण बदलून. जो काढून दाखवेल त्याच्याकडूनच घ्या.