शतकोटीचा वाटा



संगणकावरील एका चित्रकथेच्या संगीताशी परभणीकरांचा काय संबंध, असा प्रश्न विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांना पडला असेल. संबंध आहे, आणि तो गंगाखेडपर्यंत पोहोचतो. पण आधी ती कथा सांगतो.

चित्राला गाण्याची साथ ही गोष्ट आपल्याकडे जुनी. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून त्या प्रसंगाचे पद गात आले आहेत. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. अमेरिकेतील अँड्र्यू हसी या चित्रकाराने 13 एप्रिल 2009 रोजी ‘होमस्टक’ नावाची चित्रकथा इंटरनेटवर सुरू केली, ती 13 एप्रिल 2016 रोजी संपली. पाने झाली आठ हजारांहून अधिक! मधूनमधून चित्रे हलू लागत आणि तेथे संगीत लागे. हे संगीत एका उस्तादाचे नव्हते. ठिकठिकाणी विखुरलेल्या, बहुतेक तरुण अशा वादकांचा एक मेळा जमला आणि ज्याने त्याने घरी बसून आपली रचना धाडली. त्यांचे संग्रह एकामागून एक प्रसिद्ध झाले. 2010 सालच्या पाचव्या संग्रहात साठांहून अधिक रचना होत्या.

या मेळ्याची रीत मोठी मनोरम होती. कथेतल्या पात्राला एकाने चाल दिली की दुसरा तीच चाल उचलून तिचे युद्धगीत करी, तिसरा शोकगीत. अशा वेळी ही चाल कोणाची, असे कोणी विचारले तर काय उत्तर द्यायचे? त्यांनी दिलेले उत्तर साधे होते. प्रत्येक रचनेखाली ती रचणाऱ्याचे नाव. त्या नावांत टोबी फॉक्स हे एक होते. त्याने पुढे 2015 साली ‘अंडरटेल’ हा खेळ केला, त्याचे संगीतही स्वतः रचले आणि तो जगभर गाजला. याच प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. एक वादक मेळ्यातून बाहेर पडला, तेव्हा त्याच्या रचना संग्रहांतून काढल्या गेल्या. अनेक हातांनी विणलेल्या कापडातला एक धागा असा ओढला, की भोक कोठे कोठे पडते हे मोजणे कठीण. पण निदान कोणता धागा गेला हे तरी कळले. नावे नसती, तर तेही कळते ना.

आता आपल्या घरी येऊ. नरसी हे नामदेवांचे गाव 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते आणि जनाबाई तर गंगाखेडची. परंपरा सांगते, की नामदेवांनी शतकोटी अभंग करण्याचा पण केला, आणि एकट्याच्याने तो पुरा होईना म्हणून घरच्या सगळ्यांनी त्याचे वाटे उचलले. इतिहासकाराने या आकड्याची छाननी करू नये. तो भक्तीचा हिशेब आहे. मला महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. या वाटणीत प्रत्येकाची मुद्रा शाबूत राहिली. जनाबाईच्या नावावरील एका अभंगात तर कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले याची यादीच आहे, आणि जनीचा लेखनिक साक्षात पांडुरंग! दळणकांडण करणाऱ्या दासीचे नाव सात शतके टिकले, ते ‘जनी’ हा शब्द तिच्या अभंगातच गुंफलेला होता म्हणून.

आणि जनीच्या मागून त्याच जात्यावर बसलेल्या बायांचे काय झाले? ओवीला मुद्रा नसते. एकीची पहिली ओळ दुसरी उचलते, पुढची आपल्या मनची घालते, लेक ती सासरी नेते. होमस्टकच्या वादकांनी जे केले तेच हे. फक्त येथे नाव लिहिणारे कोणी नव्हते. आपल्या जुन्या संग्रहांतही ओवीखाली गाणारीचे नाव सहसा आढळत नाही. ‘लोकसाहित्य’ म्हटले, की मालकी सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही, असा आपला सोयीस्कर समज.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी हा समज मोडला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाया तीन हजारांहून अधिक. प्रत्येक ओवीपाशी गाणारीचे नाव आणि गाव. पॉइटवाँ 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली. पुढे हा सारा ठेवा पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ‘पारी’ या संस्थेकडे आला, आणि मार्च 2017 पासून तो इंटरनेटवर क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागला.

एवढा पसारा ऐकणार कोण, असे काही रसिक विचारतात. निवडक शंभर ओव्यांचे देखणे पुस्तक काढावे, म्हणतात. पुस्तक खुशाल काढा. पण निवड कोण करणार? तुम्हीआम्ही शिकलेले. आपण सीतेच्या वनवासाची ओवी घेऊ, माहेरची घेऊ, आणि सासूला घातलेली शिवी मुकाट्याने गाळू. माजलगावच्या भीमनगरातील बाया जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या गातात. जुन्या चाळणीतून त्या खाली उतरल्या असत्या का, याची मला शंका आहे. सगळे छापावे, म्हणजे ज्याला जे हवे ते तो शोधील. लाख ओव्या कोणी ओळीने ऐकत नसतो. माणूस आपले गाव शोधतो.

मग आपण आपला जिल्हा शोधू. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज 1996 साली ध्वनिमुद्रित झाला. रानात एकट्या पडलेल्या सीतेचे दुःख त्या गातात. ताडकळस काही लांब नाही, येथून एस.टी.ने तासाभराच्या आत पोहोचता येते. तरी आपल्यापैकी किती जणांनी हे नाव आजवर ऐकले होते, हे मी विचारीत नाही.

एक गोष्ट मात्र या साऱ्या खटपटीनेही साधलेली नाही. लाखाहून अधिक ओव्यांपैकी ध्वनिमुद्रित आहेत त्या साडेचार हजारांच्या आसपास. बाकीच्या कागदावरून आल्या. गंगूबाईंचे नाव आहे, गाव आहे, आवाजही आहे. दुसऱ्या कितीतरी जणींचे नाव आहे, गाव आहे, आणि गळा नाही. गिरण्या गावोगाव आल्या, जाती भिंतीला टेकली. ज्यांना ओव्या येतात त्या आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे.