आयुष्य वाढविणारीं औषधें आणि उंदरांची साक्ष

म्हातारपण टळावें, निदान लांबावें, ही इच्छा फार जुनी आहे. च्यवन ऋषींस पुन्हां तारुण्य लाभल्याची कथा आपण ऐकत आलों, आणि त्यांच्या नांवाचा अवलेह आजहि घरोघर खाल्ला जातो. पण एखाद्या औषधानें आयुष्य खरोखर वाढतें कीं नाहीं, हें ओळखावें कसें? ऐंशी वर्षांचा तरतरीत गृहस्थ "मी अमुक चूर्ण घेतों" असें सांगतो, तेव्हां चूर्ण न घेतां तो किती जगला असता, हें कोणासच ठाऊक नसतें. माणसांवर आयुष्यभर प्रयोग करावा, तर तो संपण्यापूर्वीं प्रयोग करणाराच म्हातारा व्हावयाचा! प्रयोगशाळेंतला उंदीर मात्र दोन-अडीच वर्षांत आपलें सारें आयुष्य पुरें करतो. म्हणून शास्त्रज्ञांनीं त्याची साक्ष काढली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य-संस्थेनें ह्या शतकाच्या आरंभीं अशी परीक्षा सुरू केली. मेन संस्थानांतील जॅक्सन प्रयोगशाळा, मिशिगन विद्यापीठ आणि टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील विद्यापीठ, अशा तीन ठिकाणीं एकच प्रयोग एकाच वेळीं होतो. चार निरनिराळ्या वंशांच्या संकरांतून उंदीर पैदा केले जातात. त्यामुळें एखाद्या वंशाच्या खोडीस औषधाचा गुण समजण्याची चूक टळते. कांहींना औषधमिश्रित अन्न, तर कांहींना तेंच अन्न औषधावांचून देतात, आणि प्रत्येकाचा मृत्युदिन टिपून ठेवतात.

ह्या कसोटींत पुष्कळ नांवाजलेलीं द्रव्यें नापास झालीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत द्राक्षांतील रेझव्हेराट्रॉल, हिरव्या चहाचा अर्क आणि आपल्या हळदींतील कुर्क्युमिन, ह्यांपैकीं एकानेंहि उंदरांचें आयुष्य वाढलें नाहीं. हळदीनें भाजीची चव राखावी. आयुष्याची हमी तिच्याकडे मागूं नये.

एक औषध मात्र उतरलें. १९६४ सालीं कॅनडांतील एक पथक पॅसिफिक महासागरांतील ईस्टर बेटावर गेलें व तेथील माती घेऊन आलें. त्या मातींतील सूक्ष्म जंतूपासून अखंड हिंदुस्थानांत जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सहगल व त्यांचे सहकारी ह्यांनीं माँट्रियल येथें एक द्रव्य वेगळें केलें. बेटाच्या रापा नुई ह्या नांवावरून तें रापामायसिन झालें. पुढें मूत्रपिंडाचें रोपण केलेल्या रोग्यांना तें देऊं लागले. कारण परक्या अवयवाविरुद्ध उठणारी शरीराची प्रतिकारशक्ति त्यानें दबते. अन्न मुबलक असतां पेशींना वाढीचा हुकूम देणारी एक यंत्रणा असते. तिलाच हें औषध आवरतें.

२००९ सालीं ह्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. औषध पोटांत टिकेल असें अन्न तयार करण्यांत वेळ गेला, म्हणून उंदीर ६०० दिवसांचे, म्हणजे प्रौढपण उलटलेले, झाल्यावर तें सुरू झालें. तरीहि दहांपैकीं नऊ उंदीर मरेपर्यंतचा काळ माद्यांत शेंकडा १४ व नरांत शेंकडा ९ इतका वाढला. आणि हें तिन्ही ठिकाणीं दिसलें.

मग आपणहि तें घ्यावें काय? कित्येक लोक स्वतःच्या जबाबदारीवर घेऊंहि लागले आहेत. पण हें औषध दिलेल्या उंदरांत मोतीबिंदु अधिक बळावला आणि नरांचे वृषण क्षीण झाले, हेंहि नोंदलेलें आहे. उंदीर बहुधा अर्बुदानें मरतो. माणसाच्या मृत्यूचीं कारणें अनेक. शिवाय नर व मादी ह्यांतहि फरक पडतो. मधुमेहावरील अकार्बोज ह्या औषधानें नरांचें मध्यम आयुष्य शेंकडा २२ वाढलें, माद्यांचें अवघें ५.

तेव्हां आयुष्यवर्धक औषधाची जाहिरात हातीं आली, तर तीन प्रश्न विचारावे: औषध न घेणाऱ्यांशीं तुलना केली काय? दुसऱ्या ठिकाणींहि तोच अनुभव आला काय? आणि लाभाबरोबर हानीहि मोजली काय? उत्तर मिळेपर्यंत पैसे आपल्याच खिशांत असूं द्यावे.