क्रियापद कोणाचा हात धरतं?

 

आज आपण व्याकरणावर बोलणार आहोत. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. वही-पेन लागणार नाही. अंगणात थोडी जागा, खडू आणि दोन-तीन ओढण्या एवढंच सामान पुरे. गुडघे दुखत असतील त्यांनी बसूनच हात चालवायचे.

आमच्या कन्हान, कांद्री, टेकाडी भागात कोळशाच्या खाणी आहेत. कामासाठी ठिकठिकाणची माणसं इथे येऊन राहिली. कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी आपली नागपुरी बोली. घरी पोरगी म्हणते, "आई भाकर करून राहिली." पुस्तकात असतं, "आई भाकरी करत आहे." हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, म्हणून हिंदी घरातलं लेकरू "ती पुस्तक" म्हणतं. ते आपल्या घरच्या नियमानंच बोलत असतं. पण वर्गात हसू होतं, पेपरात गुण जातात आणि हळूहळू लेकरू बोलायचंच बंद होतं. म्हणून बैठक आटोपली की आम्ही पंधरा मिनिटं मायलेकींचा हा खेळ घेतो.

पहिला खेळ काळाचा. जमिनीवर एक रेघ मारा. रेघेवर उभं राहून दळायची क्रिया करा आणि म्हणा, "मी ज्वारी दळते." एक पाऊल मागे या, "मी ज्वारी दळली." मग रेघ ओलांडून पुढे जा, "मी ज्वारी दळीन." मागे भूतकाळ, रेघेवर वर्तमान, पुढे भविष्य. दळण झालं की पाखडणं, सारवणं, धुणं घ्या. टाळीच्या ठेक्यावर पावलं पडली की लेकरं आपोआप क्रियापद बदलतात.

दुसरा खेळ लिंगाचा. तीन गोल काढा: तो, ती, ते. एकीनं वस्तूचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी त्या गोलात उडी मारायची. दरवाजा, तो. खुर्ची, ती. पुस्तक, ते. घर, ते. हिंदीत दोनच लिंगं, त्यामुळे तिसऱ्या गोलाशी पाय अडखळतात. तिथेच जास्त वेळ खेळा. मग विशेषण लावा: पांढरा सदरा, पांढरी साडी, पांढरं फूल. पण गोड लाडू, गोड पुरी, गोड फळ. 'पांढरा' गोलागणिक रूप बदलतो, 'गोड' बदलत नाही.

तिसरा खेळ आमच्या बायांचा सगळ्यात आवडता. शाळेत याला 'प्रयोग' म्हणतात. तिघी उभ्या राहा. एक कर्ता, एक कर्म, एक क्रियापद. "सीमा आंबा खाते." इथे सीमाऐवजी राजू आला तर 'खातो' होतं. म्हणजे क्रियापदानं कर्त्याचा हात धरला आहे. दोघींनी हात धरून गिरकी घ्यायची. हा कर्तरी प्रयोग.

आता कर्त्याच्या खांद्यावर ओढणी टाका. ही ओढणी म्हणजे 'ने' प्रत्यय. "सीमाने आंबा खाल्ला." "सीमाने पोळी खाल्ली." सीमा तीच, तरी क्रियापद बदललं. त्यानं सीमाचा हात सोडून कर्माचा धरला. हा कर्मणी प्रयोग. मी, तू, आम्ही, तुम्ही यांची ओढणी दिसत नाही, पण "मी पोळी खाल्ली" म्हणताना नियम तोच.

मग कर्मावरही ओढणी टाका. "आईने मुलीला उठवलं." "आईने मुलांना उठवलं." क्रियापद हललंच नाही. दोघींवर ओढणी, म्हणून ते कोणाचाच हात धरत नाही, एकटंच फिरतं. हा भावे प्रयोग. शाळेतली व्याख्या पाठ न होणाऱ्या मुली ही गोष्ट एका संध्याकाळी सांगू लागतात.

याचा आपल्या गटाला काय उपयोग? ऐका. एका गटाच्या नोंदवहीत लिहिलं होतं, "हप्ता भरला." दोघी जावा एकाच गटात. दोघी म्हणाल्या, मीच भरला. पावती सापडेपर्यंत महिनाभर दोघींचं बोलणं बंद होतं. आता क्रियापदाकडे बघा. 'भरला' नं हप्त्याचा हात धरला आहे, भरणारीचा नाही. ती वाक्यातून निघून गेली तरी वाक्य उभं राहतं. पैशाच्या नोंदीत हेच घातक. त्या गटानं मग नियम केला: कोणी, कोणाला, किती आणि कधी, हे चारही लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण नाही. ठराव वाचताना आता बायाच विचारतात, "कर्ता कुठे आहे?"

ही रीत काही आम्ही शोधलेली नाही. मारिया माँटेसरी बाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं. त्यांच्या पद्धतीत मूल चिठ्ठीवरचं क्रियापद वाचतं आणि ती क्रिया करून दाखवतं. क्रियापदाची खूण लाल गोल, नामाची काळा त्रिकोण. १९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि युद्धाच्या काळात बरीच वर्षं आपल्या देशात राहिल्या. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण गावातल्या, पाड्यातल्या लेकरांपर्यंत नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा काढली.

आणि आपल्या विदर्भातली भुलाबाई आठवा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली फेर धरतात, टिपऱ्या खेळतात, झाकलेली खिरापत ओळखतात. गोड का? आंबट का? तिखट का? ही सगळी विशेषणंच की! फेर आपल्याला येतो, ठेका येतो. फक्त शब्दांची नावं त्याला जोडायची आहेत.

एक काळजी घ्या. नुसतं नाचून लिहिणं येत नाही. खेळ संपला की प्रत्येकीनं तीन वाक्यं लिहायचीच. ऱ्हस्व-दीर्घाचा सराव वेगळा करावा लागतो. आणि घरची बोली चुकीची आहे असं लेकराला कधी म्हणू नका. एक गोल घरच्या बोलीचा, एक पुस्तकाच्या भाषेचा काढा. लेकराला दोन्हीकडे उडी मारता आली पाहिजे.

येत्या बैठकीत गेल्या महिन्याची नोंदवही उघडा. तिघी उभ्या राहा, एकेक नोंद वाचा आणि क्रियापदानं कोणाचा हात धरला ते बघा. ज्या नोंदीत कर्ता सापडणार नाही, तिथे नाव लिहून सही घ्या. नमस्कार.